लेरोलेची माती

बारा पिशव्या.

प्रत्येकीत पाचशे ग्रॅम माती. म्हणजे एकूण सहा किलो. शिवाय मामाच्या शेतातल्या मातीच्या दोन पिशव्या, तुलनेसाठी. सगळ्या जाड प्लास्टिकच्या. तोंडाला तार पिळलेली, तारेला कागदी चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी सही. एक डिजिटल काटा, ग्रॅमपर्यंत अचूक. एक भिंग. एक खिडकी, तिला गज. एक दार, त्याला कुलूप.

त्या खोलीत एवढंच होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही हेच विचारणार. मला सगळ्यांनी हेच विचारलं.

या पेजवर मी आजवर फक्त वाचत आलेय. लिहितेय पहिल्यांदा. माझं शिक्षण मृदाशास्त्रातलं, त्यामुळे भूत पाहिलं असं मी म्हणणार नाही. मी काहीच पाहिलं नाही.

मी फक्त वजन केलं. आणि जे आकडे आले ते इथे जसेच्या तसे देतेय.

ही हकिकत माझ्या मामेबहिणीच्या बाळाची आहे. लिनेओची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. हे तिसरं. या बाळासाठी आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो होतो.

सुरुवात झाली ती लेरोले डोंगरावर, एप्रिल संपता संपता, सूर्य मावळतीला असताना.

लेरोले म्हणजे आमच्या भाषेत धूळ. राजधानी मासेरूहून उत्तरेला जायचं, दोन मिनीबस बदलायच्या आणि मग पायी. डोंगर फार उंच नाही. माथा सपाट, चहूबाजूंनी कडे, वर जायला एकच खिंड. पायथ्याला माझ्या मोएकेत्सी मामाचं गाव.

आमच्या देशात माती टिकत नाही. दर पावसाळ्यात शेतांत नव्या घळी पडतात आणि नद्या तांबड्या होऊन सीमेपलीकडे जातात. आजूबाजूच्या टेकड्या खरवडल्यासारख्या उघड्या पडल्या आहेत. लेरोलेच्या माथ्यावर मात्र हातभर खोल माती आहे. म्हातारी माणसं सांगतात, त्यांच्या आज्यापणज्यांच्या वेळी होती तेवढीच.

का? एवढाच माझा प्रश्न होता. आमच्या प्रयोगशाळेने त्यासाठी मला सहा महिन्यांचं काम दिलं होतं.

मी खणत होते. मामा घोड्याचा लगाम धरून मजा बघत होता.

"एवढं शिकलीस आणि शेवटी माती उकरायला आलीस," तो म्हणाला. "हे माझा बैलही करतो. त्याला नव्हतं बाबा कॉलेजात घातलं."

"बैल पिशव्यांना चिठ्ठ्या लावतो का?"

"नाही लावत. पण मातीही खात नाही."

कारण मी तेव्हा चिमूटभर माती दातांखाली धरली होती. आम्हाला तसंच शिकवतात. करकरली तर वाळू, पिठासारखी लागली तर गाळ. लेरोलेची माती करकरली नाही. पिठासारखीही लागली नाही.

गोड लागली.

मी थुंकले, चूळ भरली आणि पुढची पिशवी भरायला घेतली.

उतरताना मामा खिंडीत थांबला. खांद्यावरचं घोंगडं काढून झटकलं. बूट काढून दगडावर आपटले. खिसे उलटे केले. घोड्याचे खूर काडीने कोरून साफ केले. लेरोलेवरून उतरणारा प्रत्येक जण हे करतो. मीही लहानपणापासून करत आलेय. वरची माती खाली न्यायची नाही. का ते कधी कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नव्हतं.

मी बूट आपटले. आणि सहा किलो माती पाठीवर घेऊन उभी राहिले.

मामा माझ्या सॅककडे बघत राहिला.

"ने," तो शेवटी म्हणाला. "पण मोजून ने."

"मोजलीये मामा."

"आत्ताचं नाही म्हणत. रोज मोज."

खिंडीतून नदी दिसते. नदीपलीकडे काळीभोर सपाट शेतं. ती एकेकाळी आमची होती. आमच्या राजाची गोऱ्यांशी लढाई झाली तेव्हा गावं जळाली, उभी पिकं जळाली. पायथ्याची माणसं गुराढोरांसकट लेरोलेवर चढून बसली. गोऱ्यांच्या तोफा खिंडीच्या तोंडाशी अडकल्या. पण वर धान्य संपलं, आणि तह झाला. शेतं त्यांची, डोंगर आमचे, आणि डोंगरांवर त्यांच्या राणीचा अंमल. हे शाळेत शिकवतात.

टोपलीचं शाळेत शिकवत नाहीत. ते मामाने तिथेच, बूट घालता घालता सांगितलं.

"आपल्या सरदाराने तहाच्या कागदावर फुली मारली. मग साहेब म्हणाला, डोंगरमाथ्याची टोपलीभर माती द्या. कचेरीत ठेवू. डोंगर ताब्यात आला याची खूण. सरदार म्हणाला, एकच टोपली? दोन न्या की."

"दिली?"

"शीग लावून दिली. म्हातारे त्याच्या अंगावर धावले, डोंगर दिलास म्हणाले. तो म्हणाला, मी टोपली दिली. डोंगराला कुणी विचारलंय?"

मामाने नदीकाठच्या बाभळींकडे बोट दाखवलं. "साहेबाचा तळ तिथे. सकाळी बघतो तर टोपली पाऊण. पहारेकऱ्याला फटके. दुसऱ्या सकाळी अर्धी. दुसऱ्या पहारेकऱ्यालाही फटके. साहेबाने आपल्याच माणसांच्या पेट्या उचकल्या, उशा फाडल्या. शेवटी टोपली मांडीवर घेऊन स्वतः बसला."

"आणि ती रिकामी झाली."

"कागदावर लिहिलंय, माती मिळाली." मामा खो खो हसला. "खाली साहेबाची सही आहे. कागद कशाला खोटं बोलेल?"

"आणि त्या पहारेकऱ्यांचं काय झालं?"

मामाचं हसू गेलं.

"अंधार पडतोय," तो म्हणाला. "चल."

मासेरूत मी आणि लिनेओ आमच्या घरमालकीण मामोलेफी मावशींच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायचो. आमच्यातही बाळंतपण माहेरी करायची रीत. पण लिनेओला आठवा लागला होता, आणि मोठ्या हॉस्पिटलपासून लांब जाऊ नकोस असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा सीमेपलीकडे खाणीत. म्हणून ती माझ्याकडे. प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून पिशव्याही माझ्याकडे. मागच्या खोलीत, फळीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली पिशवी काट्यावर ठेवली.

चारशे ऐंशी.

ओली माती सुकते, वजन उतरतं. त्यात काही विशेष नाही. पण पिशवीचं तोंड बंद होतं. मी दुसरी ठेवली. चारशे ऐंशी. तिसरी. चारशे ऐंशी.

बाराही पिशव्या. चारशे ऐंशी.

मी निरनिराळ्या खोलीवरून नमुने घेतले होते. काही ओलसर, काही कोरडे. ते सारखे सुकणं शक्य नाही.

मामाच्या शेतातल्या मातीच्या पिशव्या ठेवल्या. पाचशे. पाचशे.

काट्यावर एक किलोचं प्रमाण वजन ठेवलं. एक किलो.

पुढच्या सकाळी पिशव्या भरल्या चारशे साठ.

म्हणजे कोणीतरी काढत होतं. मोजून. वीस वीस ग्रॅम. चिठ्ठ्या तशाच, सह्या तशाच. खोलीची दुसरी किल्ली होती मामोलेफी मावशींकडे. आणि मावशींनी अंगणात रंगाच्या जुन्या डब्यांमध्ये पालक लावला होता. त्या आठवड्यात तो भलताच तरारला होता.

"मावशी, माझ्या मागच्या खोलीत कोणी गेलं होतं का?"

"तिथे आहे काय? माती ना?" मावशींनी कमरेवर हात ठेवले. "मी साठीची बाई. तुझी माती चोरून काय करू, नवा नवरा घडवू?"

"नाही, पालक छान आलाय तुमचा."

"शेण घालते मी त्याला. देऊ का वजन करायला?" त्या मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "मातीची कसली काळजी करतेस? आधी स्वतः नीट जेव. वाळत चाललीस. लोक म्हणतील, मावशी भाडं घेते आणि पोरींना उपाशी मारते."

त्या आत गेल्यावर मी डब्यातली चिमूटभर माती भिंगाखाली पाहिली. काळी. लेरोलेची लाल असते, आणि तिच्यात पांढरे, कोनेदार कण असतात.

तरीही मी कुलूप बदललं.

पिशव्या उतरतच राहिल्या.

मग एका संध्याकाळी वीज गेली. लिनेओ स्टोव्हवर मक्याचं पीठ घोटत होती. मी मेणबत्ती शोधत होते. आणि मागच्या खोलीतून आवाज आला...

सर्र... सर्र...

कोणीतरी सावकाश पीठ चाळावं तसा.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"उंदीर," लिनेओ म्हणाली.

फार पटकन म्हणाली.

मी कुलूप काढलं. दार ढकललं. आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. पिशव्या फळीवर, तारा पिळलेल्या. फरशीवर मात्र एक रेघ होती. लाल मातीची, दोऱ्याएवढी बारीक. फळीखालून निघाली होती आणि उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेली होती. भिंतीशी माती साचली नव्हती. रेघ सरळ भिंतीत शिरल्यासारखी संपत होती.

मी बाहेर जाऊन भिंतीची दुसरी बाजू पाहिली.

रेघ तिथून पुढे चालू होती...

वारा समोरून, उत्तरेकडून येत होता. डब्यांतला पालक मागे वाकला होता. रेघ हलत नव्हती.

त्या रेघेपेक्षा माझ्या डोक्यात लिनेओचं ते 'उंदीर' जास्त घोळत राहिलं. तिला काहीतरी माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून भर दुपारी, न सांगता घरी आले.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. माझ्या गळ्यातल्या किल्लीची जोडकिल्ली लिनेओने कपाटातून काढली होती. ती जमिनीवर बसली होती, पाय पसरून, पोट सावरून. मांडीवर सात नंबरची पिशवी. हातात चमचा. ओठ लाल.

क्षणभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मला हसू फुटलं.

"चोर सापडला!"

"हसू नकोस गं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

"अगं, डोहाळे लागलेत तर बाजारात मिळते ना खायची माती. दोन पुड्या आणून दिल्या असत्या."

"ती बेचव असते." तिने चमचा खाली ठेवला नाही. "ही गोड आहे. आणि ही खाल्ली की बाळ हलतं. आधीची दोघं कधी अशी हलली नाहीत, केने. त्यांची मी वाट बघत बसायचे. हे लाथा मारतं. मग मी का सोडू?"

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. कोडं उलगडलं होतं. तार उलटी पिळून सोडायची, काम झालं की तशीच पिळायची, चिठ्ठीला धक्का लागत नाही.

"कुठल्या कुठल्या पिशव्यांतून काढलीस?"

"ही एकच. तू ओरडशील म्हणून दुसरीला हात नाही लावला."

"किती?"

"रोज एक चमचा."

सात नंबरची पिशवी थोडे दिवस इतरांपेक्षा जास्त उतरत होती खरी. ते मी काट्यावर ढकललं होतं.

पण इतर अकरा?

त्याच दिवशी मी सगळ्या पिशव्या प्रयोगशाळेत नेल्या. लोखंडी कपाट, एकच किल्ली, ती माझ्या गळ्यात. लिनेओने बाळाची शपथ घेतली आणि ती पाळलीही.

रोज सकाळी मी कपाट उघडायचे. रोज वीस ग्रॅम कमी.

मे महिना संपायच्या आत कपाटात बारा रिकाम्या पिशव्या होत्या. बारा पिळलेल्या तारा. बारा सह्या.

मी लिनेओला काही सांगितलं नाही.

त्याच सुमारास मामा आला. मक्याचं पीठ, एक भोपळा आणि लेकीसाठी नवं घोंगडं घेऊन. चहा झाला. लिनेओ खुशीत होती.

"बाबा, तुमच्या डोंगराची माती खाल्ली मी," ती लाडात म्हणाली. "केनेच्या पिशवीतून चोरून."

मामाने कप खाली ठेवला.

"किती?"

"अहो, गंमत..."

"किती, लिनेओ?"

"आठ-दहा चमचे असेल."

मामा उठून अंगणात गेला. मी मागोमाग गेले. तो उत्तरेच्या भिंतीकडे पाठ करून उभा होता.

"त्या पहारेकऱ्याचं काय झालं होतं?" मी विचारलं.

त्याने आधी दार ओढून घेतलं.

"दुसरा पहारेकरी. पोरगाच होता, गोरा. साहेबाला वाटलं हाच चोरतोय. म्हणाला, एवढी आवडते तर खा. मूठभर माती त्याच्या तोंडात कोंबली. सगळ्या तळासमोर." मामाने घोंगडं आवळून घेतलं. "पावसाळ्यानंतर तो एकटाच परत आला. बंदूक नाही, बूट नाहीत. सरळ खिंड चढला. आपल्या माणसांनी भाले उचलले होते, पण त्याला बघून खाली ठेवले. वर पोचला आणि तिथेच त्याने प्राण सोडला. त्याला उचलून न्यायला दोन पोरं पुरली. माणसं नव्हे केने, पोरं. इतका हलका झाला होता."

"वरचा तो दगडांचा ढीग? येता-जाता तुम्ही एक एक दगड ठेवता तो?"

"वजन हवं ना त्याच्यावर," मामा म्हणाला.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि विचारलं नाही.

"पोर वर जन्मू दे," तो म्हणाला. "मी झोपडी शाकारून घेतो. माहेरीच यायचंय तिला, त्यात काय वावगं?"

"वर दवाखाना नाही. दोन बाळं गेलीत तिची!"

"म्हणूनच सांगतोय."

"तुम्ही एका गोष्टीपायी लेकीचा जीव धोक्यात घालताय."

"आणि तू?" मामा म्हणाला. "तुझ्या पिशव्यांत किती उरलीये?"

पण लिनेओलाही हॉस्पिटलच हवं होतं. मामा एकटाच परत गेला.

जूनच्या मध्यावर, आमच्या ऐन हिवाळ्यात, डोंगरांवर पहिला बर्फ पडला त्या दिवशी, लिनेओला मुलगी झाली. धडधाकट. तीन किलो शंभर ग्रॅम. रडली तर सगळा वॉर्ड जागा झाला. आधीची मुलं गेली की पुढच्याला वाईटसं नाव ठेवायचं असतं, म्हणजे नेणारा ढुंकून बघत नाही. आम्ही मोसेलान्त्जा ठेवलं. कुत्र्याची शेपटी. मावशी तिला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "ए शेपटे, कुणाची गं तू? कुणाची नाही ना? मग झालं तर."

पहिले काही दिवस बाळाचं वजन उतरतं. ते पुस्तकात आहे. दहा-बारा दिवसांत ते भरून येतं.

शेपटीचं आलं नाही.

ती दूध प्यायची. पोटभर प्यायची. लंगोट ओले व्हायचे. ताप नाही, जुलाब नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्या, एकीतही काही निघालं नाही. नर्सने लिनेओला बाजूला घेऊन विचारलं, "पाजतेस ना गं? खरं सांग. काही बायका नाही पाजत." तो राग लिनेओने घरी येऊन माझ्यावर काढला.

मी रोज सकाळी बाळाला काट्यावर ठेवत होते. रोज...

तुम्हाला कळलंच असेल.

"फेकून दे तो काटा," लिनेओ म्हणाली. "तू मोजायला लागलीस की सगळं संपायला लागतं. माती मोजलीस, माती संपली. आता माझ्या पोरीला मोजतेस."

"मी मोजलं नाही तरी..."

"तूच काहीतरी करतेस त्या काट्यात. मला काय कळतंय? तू शास्त्रज्ञबाई!"

ती माझ्याकडे बघत होती, आणि मी मावशींकडे कसं बघितलं होतं ते मला आठवलं.

त्यानंतर ती बाळाला माझ्या हातात देईना. मी चोरून बघायचे. संध्याकाळी ती बाळाला दाराकडे डोकं करून झोपवायची. सकाळी बाळाचं डोकं उत्तरेच्या भिंतीकडे असायचं. तीन आठवड्यांचं बाळ कुशीवरही वळत नाही.

मी लिनेओला विचारलं, रात्री तू तिला फिरवतेस का?

"मला वाटलं तू फिरवतेस," ती म्हणाली.

त्या सकाळी पहिल्यांदा आम्ही दोघींनी मिळून बाळाचं दुपटं उचललं...

दुपट्यावर माती होती. बारीक, लाल. बाळाच्या अंगाच्या आकारात.

मी भिंग आणलं. पांढरे, कोनेदार कण. त्या घरात तेव्हा लेरोलेच्या मातीचा कणही उरलेला नव्हता. मी दुपटं कागदावर झटकलं, कागद काट्यावर ठेवला. लिनेओ माझ्या खांद्यावरून बघत होती.

वीस ग्रॅम.

तिने मला दोष दिला नाही. रडलीही नाही. तिने घोंगड्यात बाळ बांधलं आणि म्हणाली, "बाबांना फोन कर."

मामा गावाच्या फाट्यावर घोडं घेऊन उभा होता. पायथ्याला मी बाळाचं वजन केलं. दोन किलो पाचशे साठ. या वेळी लिनेओनेच काटा धरला. मामाने नातीला छातीशी घेतलं, आणि त्याचा चेहरा बदलला. घोंगडं रिकामं आहे की काय असं वाटल्यासारखं त्याने आत डोकावून पाहिलं.

खिंडीत बर्फ होता. आम्ही चढत राहिलो. माथ्यावर पोचल्यावर वारा एकदम पडला. बाळाने डोळे उघडले. दगडांच्या त्या ढिगापाशी मामाने टोपी काढली आणि एक दगड ठेवला. लिनेओनेही ठेवला.

झोपडी शाकारलेली होती. चूल पेटलेली होती. मामाने मे महिन्यातच सगळं तयार ठेवलं होतं.

दुसऱ्या सकाळी: दोन किलो पाचशे साठ.

त्याच्या दुसऱ्या सकाळी: दोन किलो पाचशे नव्वद.

लिनेओ हमसून हमसून रडली. मामा बाहेर जाऊन घोड्याशी काहीतरी बोलत राहिला.

आता शेपटी आठ महिन्यांची आहे. गुटगुटीत आहे. लस टोचायला एकदा तिला खालच्या आरोग्य केंद्रात नेलं, दिवस मावळायच्या आत परत वर आणलं. तेवढ्यात वजन उतरायचं ते उतरलंच. त्यानंतर नर्स घोड्यावर बसून वर येते. तिला सांगितलंय, बाळाला खालची हवा मानवत नाही. लिनेओचा नवरा नाताळात आला होता. बायको-पोरीला घेऊन जातो म्हणाला. लिनेओने भांडण केलं नाही.

"ने," ती म्हणाली. "पण रोज मोज."

तो एकटाच गेला.

मागच्या महिन्यात मी वर गेले होते. निघताना लिनेओला विचारलं, "खाली कधी येणार?"

"ती मोठी झाली की तिला विचारीन," ती म्हणाली. "माहेरी राहिलेय, असं समज."

उतरताना मी खिंडीत घोंगडं झटकलं. बूट आपटले. खिसे उलटे केले. सॅकचे शिवणीचे कोपरेही नखाने कोरले. मामा बघत होता.

"त्या दिवशी तू दातांत धरली होतीस," तो म्हणाला.

"चिमूटभर. मी थुंकले, मामा. चूळ भरली."

"सगळी थुंकलीस?"

मी हसले. तो हसला नाही.

मासेरूत परत आल्यावर मामोलेफी मावशींनी माझ्या स्कर्टचा हूक आत घेऊन दिला. गेल्या वर्षभरात तिसऱ्यांदा. तोंडात सुई धरून म्हणाल्या, "अगं, खातेस ते जातं कुठे?"

मी आजवर स्वतःचं वजन कधी केलं नव्हतं. कारणच नव्हतं.

काल संध्याकाळी मी पलंग फिरवला. उशी दाराकडे, दक्षिणेला ठेवली. आज सकाळी जाग आली तेव्हा उशी पायाशी होती आणि माझं कपाळ उत्तरेच्या भिंतीला टेकलेलं होतं.

मी उठून चादर कागदावर झटकली. काटा आणला. काटा शून्यावर आहे हे पाहिलं. एक किलोचं प्रमाण वजन ठेवून पाहिलं, एक किलो.

मग तो कागद काट्यावर ठेवला.

वीस ग्रॅम.